मापाचे दुसरे टोक

बांधकामातील अंतर मोजायचे तर मापाला दोन टोके लागतात, आणि त्यांपैकी दुसरे टोक कोणी धरायचे या प्रश्नाची स्वारगेटच्या परिसरात गेल्या पावणेतीनशे वर्षांत निरनिराळी उत्तरे मिळाली. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे जो बांधीव नळ आणवला, त्याचा मार्ग आजच्या सातारा रस्त्याच्या बाजूचा असून, नळातील हवा मोकळी करणाऱ्या उंच मनोऱ्यांना उच्छ्वास म्हणत. पाणी केवळ उताराने वाहायचे असल्याने अंतराचा हिशेब चुकला असता, तर नळ कोरडाच राहिला असता.

त्या काळची मापे गज, हात आणि तसू ही होती. गजाचा 24 वा भाग म्हणजे तसू, तर हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी. हात माणसागणिक बदलतो, म्हणून शिवकाळात जमीनमोजणीसाठी 5 हात 5 मुठींची काठी ठरवण्यात आली. काठीला दुसरा माणूस लागत नाही. मात्र ती उचलून पुन्हा टेकवताना पडलेली फट दर खेपेस बेरजेत शिरते. इंग्रजी अमदानीतील शंकू-साखळीची साखळी 33 फुटांची, 16 आण्यांत विभागलेली होती आणि तिच्या चौरसाने गुंठा ठरला. तिला, आणि पुढे आलेल्या फितीलाही, दोन माणसे हवीत. त्यातही मधे झोळ पडला की अंतर वाढीव भरते.

लेझर किरण 1960 मध्ये सिद्ध झाला आणि हातात मावणारे पहिले लेझर अंतरमापक लायका या स्विस कंपनीने 1993 मध्ये बाजारात आणले. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे 30 सेंटीमीटर जातो. जाऊन परत येण्याचा वेळ थेट मोजून मिलिमीटर गाठणे इतके अवघड, की यांतील बहुतेक साधने किरणाची तीव्रता लाटेप्रमाणे कमीजास्त करतात आणि परतलेली लाट मूळ लाटेच्या किती मागे पडली यावरून अंतर काढतात. येथे दुसरे टोक भिंतच धरते. तरी काच वा चकचकीत फरशी किरण भलतीकडे वळवते, पुण्याच्या उन्हात तांबडा ठिपका दिसेनासा होतो, आणि माप साधनाच्या मागच्या कडेपासून धरायचे की पुढच्या, हे ठरवायचे राहिले तर साधनाची स्वतःची लांबी खोलीच्या मापात मिसळते. फितीने असा घोळ कधी केला नसावा.

29 सप्टेंबर 2024 रोजी सुरू झालेल्या जिल्हा न्यायालय ते स्वारगेट या भुयारी मेट्रोमार्गासारख्या कामांत खोदयंत्राची दिशा टोटल स्टेशनने राखली जाते. हे साधन कोन आणि अंतर एकत्र मोजते, आणि त्याचे दुसरे टोक धरतो तो काचेचा लोलक.

वरच्या इमारतींत मात्र भिंतीचा उभेपणा तपासायला ओळंबा अजून लागतोच, कारण अंतरमापक मुळात लांबी सांगतो. त्याच्या पडद्यावर मिलिमीटर उमटत असले तरी गवंड्याच्या तोंडी अद्याप सूतच असते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे 3 मिलिमीटर. चांगल्या लेझरची चूकही 1 ते 2 मिलिमीटरच्या घरात असल्याने अर्ध्या सुतापलीकडचा हिशेब दोघांच्याही हातून गिलाव्याखाली जातो.