आपल्या जिल्ह्यातील प्रेक्षणीय स्थळे : धर्मग्रामांच्या सहलींसाठी मार्गदर्शन

दिवाळी, नाताळ व उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या अनेक धर्मग्रामांतून सहली निघतात. बहुतेकांचा ओढा वेलंकनी, गोवा किंवा वांद्र्याच्या माउंट मेरीकडे असतो. ती श्रद्धास्थाने आपल्या प्रेमाची आहेतच. परंतु शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरच्या परिसरात दोन जागतिक वारसास्थळे, एक अभेद्य किल्ला, अभयारण्ये आणि संतांची भूमी असताना, आपली मुले ती न पाहताच मोठी होतात ही खेदाची गोष्ट आहे. खर्च आणि वेळ यांपेक्षाही एक शंका अनेकांना मागे खेचते : 'ही तर इतर धर्मीयांची स्थाने, ख्रिस्ती माणसाने तेथे जावे काय?' या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन मग स्थळांकडे वळणे आम्हाला योग्य वाटते.

जावे काय आणि कसे जावे?

संत पौल अथेन्स नगरात गेला तेव्हा त्याने तेथील पूजास्थाने लक्षपूर्वक पाहिली आणि मगच लोकांशी संवाद साधला, असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात आपण वाचतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात, इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही, हे स्पष्ट केले आहे. म्हणून पाहण्यात, समजून घेण्यात व आदर राखण्यात श्रद्धेला कोणताही धोका नाही. पाहणे आणि उपासनेत सहभागी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मुलांना आधी समजावून द्यावे. पादत्राणे काढावीत, दर्ग्यात मस्तक झाकावे, पूजा चालू असेल तेथे शांत उभे राहावे. चेष्टा आणि वादविवाद दोन्ही टाळावेत. आपण तेथे पाहुणे असतो.

१. दौलताबाद, खुलताबाद व वेरूळ

ही तिन्ही स्थळे एकाच रस्त्यावर असल्याने एका दिवसात पाहता येतात. शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवर दौलताबादचा, म्हणजेच यादवांच्या देवगिरीचा किल्ला आहे. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी येथे हलवली आणि काही वर्षांतच हा बेत सोडून दिला. सरळ तासलेला कडा, खोल खंदक, काळोखी भुयारी वाट आणि पंधराव्या शतकातील चाँदमिनार ही मुख्य आकर्षणे. चढण बरीच आहे; वयस्कर मंडळींनी पायथ्याचा भाग पाहून थांबावे.

पुढे खुलताबाद येथे सूफी संतांचे दर्गे आहेत. शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची साधी, छत नसलेली कबर आहे. याच गावात निद्रिस्त मूर्तीसाठी प्रसिद्ध असलेले भद्रा मारुतीचे मंदिर आहे. जवळचे म्हैसमाळ पावसाळ्यात हिरवेगार होते.

शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवरील वेरूळ येथे ३४ लेणी आहेत : १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. तीन धर्मांच्या लोकांनी एकाच डोंगरात, एकमेकांच्या शेजारी आपापली उपासनास्थळे कोरली. सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातील मानले जाते. पाथरवटांनी ते माथ्यापासून खाली कोरत आणले. पाया घालून रचलेली ही इमारत नव्हे. दहाव्या लेण्यास गावकरी 'सुताराची झोपडी' म्हणतात, कारण त्याच्या छतावर लाकडी वाशांसारख्या कमानी दगडात कोरल्या आहेत. नाझरेथच्या सुताराचे भक्त असलेल्या आपणांस तेथे क्षणभर थांबावेसे वाटेल. वेरूळ हे मालोजीराजे भोसले यांचे गाव, आणि येथील घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकर यांनी केला. लेणी मंगळवारी बंद असतात.

२. अजिंठा

शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर, वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर ३० बौद्ध लेणी आहेत. सर्वांत जुनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराची आहेत. १८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीसाठी आला असता त्याच्या दृष्टीस ती पडली आणि बाहेरच्या जगाला त्यांची माहिती झाली. वेरूळ व अजिंठा ही दोन्ही स्थळे १९८३ साली जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली.

येथील चित्रे माती व वनस्पतींचे तंतू यांच्या कोरड्या गिलाव्यावर काढलेली आहेत. त्यामुळे ती फार नाजूक आहेत. स्पर्श, कॅमेऱ्याचा फ्लॅश आणि बंद दालनात कोंडलेल्या गर्दीच्या श्वासातील ओलावा यांनी त्यांची हानी होते. म्हणून लहान गटांत आत जावे आणि भिंतीपासून दूर राहावे. खासगी वाहने फर्दापूर तिठ्यावर थांबवावी लागतात. तेथून पुढे बस मिळते. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात.

३. पैठण व नाथसागर

शहराच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर गोदाकाठचे पैठण आहे. सातवाहनांची ही राजधानी, तेव्हाचे प्रतिष्ठान. संत एकनाथांनी १५९९ साली येथे देह ठेवला. त्यांनी ओवी छंदात विपुल लेखन केले. गोव्यात जेज्वित धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी याच छंदात 'क्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. आपल्या भाषेत ख्रिस्तचरित्र आले ते या भूमीच्या छंदातून, ही गोष्ट पैठणला मुलांना अवश्य सांगावी.

जवळच जायकवाडी धरण आहे. १९६५ साली पायाभरणी होऊन १९७६ साली ते पूर्ण झाले. त्याला २७ दरवाजे असून जलाशयास नाथसागर म्हणतात. हिवाळ्यात येथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. शहराच्या नळांना येणारे पाणी याच जलाशयाचे. त्यासाठी अनेक गावे पाण्याखाली गेली आणि शेतकरी कुटुंबांना घरदार सोडावे लागले. काठावर उभे राहून पक्षी पाहताना त्या कुटुंबांसाठीही प्रार्थना करावी.

४. गौताळा व पितळखोरे

कन्नड परिसरातील गौताळा-औट्रमघाट अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटरचे आहे. पावसाळ्यानंतरचे दोन-तीन महिने तेथे जाण्यास उत्तम. जवळच सातमाळा डोंगरात पितळखोरे लेणी आहेत. पैठणच्या सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या एका घराण्याने येथे दान दिल्याचे शिलालेखात नमूद आहे. राजांप्रमाणेच सामान्य गृहस्थांच्या वर्गणीतूनही ही स्थाने उभी राहिली. मिशनकाळात मूठ मूठ धान्य देऊन चॅपल बांधणाऱ्या आपल्या वाडवडिलांना हे नवे वाटले नसते.

५. घोगरगाव

वैजापूर तालुक्यातील घोगरगाव हे मराठवाड्यातील आपल्या श्रद्धेच्या इतिहासातील महत्त्वाचे मिशन केंद्र. संत फ्रान्सिस दि सेल्स यांच्या संघाच्या मिशनऱ्यांनी या खेड्यांत पायी व बैलगाडीने फिरून सेवा केली. त्यांपैकी फादर गुरियन जाकिए यांना लोक प्रेमाने 'गुरियाबाबा' म्हणत. इतर स्थळे पाहणाऱ्या मुलांनी हेही पाहावे, म्हणजे आपली मुळे याच मातीत आहेत हे त्यांना कळेल.

सहल आखणाऱ्यांसाठी सूचना

• ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. मे महिन्यात काळा पाषाण तापतो. तेव्हा सकाळी लवकर निघावे.
• रविवारी व सुट्टीच्या दिवशी गर्दी फार असते. शक्यतो इतर दिवस निवडावा.
• एका दिवसात एकच दिशा ठरवावी. वेरूळ आणि अजिंठा एका दिवसात उरकू नयेत.
• पिण्याचे पाणी सोबत न्यावे. या जिल्ह्यातील पुष्कळ गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. पन्नास जणांनी गावच्या हंड्यावर भार टाकू नये.
• प्लास्टिक व उष्टे अन्न परत आणावे. माकडांना काही खाऊ घालू नये.
• भिंतीवर नाव कोरणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे मुलांना आधीच सांगावे.
• जेवण, चहा व मार्गदर्शन शक्यतो गावातील लोकांकडून घ्यावे आणि घासाघीस न करता मोबदला द्यावा.

निघण्यापूर्वी एकत्र प्रार्थना करावी. परतल्यावर पुढच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांनी काय पाहिले आणि कोणाला भेटले हे त्यांच्याच तोंडून ऐकावे. ज्या धर्मग्रामांनी आजवर जिल्ह्याबाहेरच सहली नेल्या, त्यांनी यंदा एक तरी दिवस आपल्या शेजारच्या गावांसाठी राखून ठेवावा, अशी आमची नम्र विनंती आहे.