हाडांत पसरलेला कर्करोग आणि रक्तातील दोन विकरे

रक्ततपासणीच्या रिपोर्टमध्ये ‘अल्कलाइन फॉस्फटेज’ हे नाव तुम्ही यकृताच्या चाचण्यांत वाचले असेल. या विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, इतिहास मात्र हाडांपासून सुरू होतो. लंडनच्या लिस्टर संस्थेतील रॉबर्ट रॉबिसन यांनी १९२३ मध्ये वाढत्या हाडांतील त्याचे कार्य मांडले. पुढे पॅजेट रोगासारख्या हाडांच्या विकारांत ते रक्तातही खूप वाढते, असे आढळले.

मग कर्करोग हाडात पसरल्यावर ते वाढेल का? येथे थोडे थांबा. हे विकर गाठीतून येत नाही. गाठ शिरल्यावर हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि ते त्यांच्याकडून येते. म्हणूनच मल्टिपल मायलोमात हाडे पोखरली गेली तरी हा आकडा बहुधा वाढत नाही, कारण तेथे नवी बांधणी जवळजवळ होतच नाही. उलट वाढत्या वयाच्या मुलांत, गरोदरपणात आणि यकृताच्या आजारांत तो कर्करोगाशिवायही चढतो.

१९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर आणि एथेल गटमन यांनी दुसरी खूण पुढे आणली. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग पसरलेल्या रुग्णांच्या रक्तात ‘ॲसिड फॉस्फटेज’ वाढलेले होते. हे विकर प्रोस्टेटच्या पेशीच तयार करतात. म्हणजे एक खूण गाठीची, दुसरी हाडाच्या प्रतिसादाची.

हा फरक १९४१ मध्ये शिकागोत उपयोगी पडला. चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी अशा रुग्णांचे वृषण काढल्यावर दोन्ही विकरे मोजत राहण्याचा क्रम ठेवला. ॲसिड फॉस्फटेज झपाट्याने उतरले. अल्कलाइन मात्र आधी चढले आणि मग सावकाश खाली आले. गाठ आवरल्यामुळे हाड भरून येत होते! फक्त दुसराच आकडा पाहिला असता, तर उपचार फसला असे वाटले असते. हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

ॲसिड फॉस्फटेजची जागा पुढे पीएसए चाचणीने घेतली. हाडासाठी आता कोलॅजेनचे तुकडेही मोजतात: बांधणीसाठी पी१एनपी, झिजेसाठी सीटीएक्स. हाडांत उलाढाल किती चालली आहे ते यांतून कळते. ती कोणत्या हाडात आहे, हे पाहायला स्कॅनच लागतो. सीटीएक्ससाठी रक्त सकाळी उपाशीपोटी घ्यायला सांगतात, कारण जेवणानंतर हा आकडा खाली येतो.