राउंड हँड मुद्राक्षरे

इंग्रजी राउंड हँड या तिरप्या, वळणदार हस्ताक्षरशैलीवरून घडविलेली रोमन लिपीची मुद्राक्षरे. छापलेला मजकूर लेखणीने सलग लिहिल्यासारखा दिसावा, हा त्यांचा हेतू. परंतु खिळा सुटा व चौकोनी असल्याने तो साधण्यास दीर्घ काळ लागला.

ही शैली इटालियन वळणांतून निघाली व सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये रूढ झाली. रुंद टोकाच्या लेखणीने जाड-बारीक रेघा आपोआप उमटतात. राउंड हँडमध्ये मात्र पिसाच्या निमुळत्या, लवचिक टोकावर दाब दिला की रेघ जाड होते आणि दाब काढला की केसासारखी बारीक होते. लेखणी फारशी उचलावी लागत नसल्याने व्यापारी पत्रव्यवहार व हिशेबवह्या यांसाठी ती सोयीची ठरली. लंडनचा लेखनशिक्षक चार्ल्स स्नेल (१६६७–१७३३) हा हिशेबतज्ज्ञही होता. १७२० मधील साउथ सी कंपनीच्या कोसळण्यानंतर तिच्या एका संचालकाशी निगडित पेढीच्या वह्या त्याने तपासल्या होत्या. साध्या, नियमबद्ध अक्षराचा त्याचा आग्रह या व्यवसायाशी सुसंगतच म्हटला पाहिजे. वहीतील नाव निःसंदिग्ध वाचता येणे ही त्याच्या दृष्टीने केवळ शोभेची बाब असणे शक्य नव्हते.

अशी अक्षरे छापावयाची, तर ती ताम्रपट्टीवर कोरावी लागत. जॉर्ज बिकमने कोरलेला द युनिव्हर्सल पेनमन (१७३३–४१) हा या कलेचा सर्वांत प्रसिद्ध संग्रह होय. त्यातील फुलोरे पाहताना लिहिणाऱ्या हातापेक्षा कोरणाऱ्या हत्याराचेच कौतुक अधिक वाटते. विद्यार्थी मात्र असेच कोरीव नमुने गिरवीत. त्यावरून या शैलीस ‘कॉपरप्लेट’ हे नाव पडले. ब्रिटिश अमलात हे वळण हिंदुस्थानातील कचेऱ्यांतही आले.

खिळ्यांच्या जुळणीत खरी अडचण सांध्याची होती. तिरप्या अक्षराचा खिळ्याबाहेर डोकावणारा नाजूक भाग चटकन मोडे, आणि दोन खिळ्यांमधील फट शाईत दिसे. लेखणी न उचलता लिहावयाच्या मोडीशी परिचित असलेल्यांना ही अडचण सहज उमगेल. पॅरिसच्या फिरमँ दिदोने (१७६४–१८३६) एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिरप्या बैठकीचे खिळे ओतून तीवर तोडगा काढला. पण जुळाऱ्याचे काम त्यामुळे फार किचकट झाले. प्रकाशजुळणीत अक्षर धातूतून सुटले व शेजारच्या अक्षराला हवे तसे भिडू लागले. तिचा लाभ घेऊन मॅथ्यू कार्टरने १९६५ च्या सुमारास लायनोटाइपसाठी ‘स्नेल राउंडहँड’ हा मुद्राक्षरसंच रेखिला.

निमंत्रणपत्रिका, भेटकार्डे, प्रशस्तिपत्रके यांत ही मुद्राक्षरे खुलून दिसतात. दीर्घ मजकुरास ती अयोग्य होत, कारण लहान आकारात बारीक रेघा छपाईत तुटतात. संपूर्ण शब्द कॅपिटल अक्षरांत जुळविल्यास प्रत्येक अक्षराचे वेलांटे शेजाऱ्यात अडकतात व शब्द वाचवत नाही. तरीही अशा पत्रिका छापल्या जातातच. संगणकीय टंकांत पुढील अक्षर पाहून सांधा बदलण्याची सोय झाली आहे.