काळी एक की बावीस श्रुती? घरच्या रियाजाच्या वाद्याची सातारा-सांगलीकडची गोष्ट

#थ्रेड #इतिहास

(१)
पाटणसारख्या गावात एखाद्या मुलाला सुरांची गोडी लागली की घरात एक प्रश्न हटकून उभा राहतो. पेटी घ्यावी, ‘कॅसिओ’ घ्यावा (कीबोर्ड कोणत्याही कंपनीचा असो, इकडे त्याचे नाव हेच), की आणखी थोडे साठवून ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्यावा? प्रश्न आजचा वाटतो. परंतु स्वस्त वाद्यावर तयार होणाऱ्या कानाचे काय होते, यावर भारतातला एक अत्यंत गंभीर वाद कोयना जिला मिळते त्या कृष्णेच्याच काठी, सांगलीत सुरू झाला. त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली.

(२)
आधी पेटीचे मूळ पाहू. हार्मोनियम हे मुळात फ्रेंच वाद्य. अलेक्झांडर देबँ या पॅरिसच्या कारागिराने १८४२ च्या सुमारास त्याचे पेटंट घेतले. ते टेबलाएवढे असे व पायांनी भाता हलवून वाजवावे लागे. आपल्या नाट्यगृहांतील ‘पायपेटी’ ती हीच. कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकिन अँड सन’ने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला आटोपशीर रूप दिले. भाता मागे गेला, पाय गळाले आणि वाद्य मांडी घालून बसणाऱ्यासमोर आले. एक हात पट्ट्यांवर, दुसरा भात्यावर. दोन्ही हातांनी स्वरमेळ वाजवण्याची सोय त्यात गेली, पण आपल्या गाण्याला तिची गरज नव्हतीच.

(३)
मग पियानो का नाही? किंमत हे एक कारण झाले. दुसरे कारण पाऊस. कोयनेच्या खोऱ्यात चार महिने हवेत ओल असते. पियानोचे लाकूड ती ओल पिऊन फुगते, तारांचा ताण बदलतो आणि वाद्य बेसूर होते. ते जुळवणारा जाणकार मुंबई-पुण्यात मिळे. घाटमाथ्याच्या गावात कुठून मिळणार? पेटीतील पितळी पाती मात्र वर्षानुवर्षे जवळपास त्याच सुरात राहते. भात्याला उंदराने भोक पाडले तर गावातला हुशार माणूस चामड्याचा तुकडा चिकटवून देतो. भजनी मंडळांनी पेटी उचलली ती या टिकाऊपणामुळे.

(४)
सुराचा पेच कळला नाही तर पुढचा वाद कळणार नाही, म्हणून थोडे गणित.
सा दर सेकंदाला २४० आंदोलनांचा धरा. तंबोरा नीट लागला की त्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या, म्हणजेच स्वयंभू गंधाराशी जुळणारा शुद्ध गंधार येतो ३०० वर. पियानोच्या पद्धतीत मात्र सप्तकाचे १२ सारखे भाग पाडतात. त्या हिशेबाने गंधार येतो ३०२.४ वर. दोन्ही एकत्र वाजले तर सेकंदाला दोनहून अधिक वेळा सूर थरथरतो. पंचमात हा फरक अगदी नगण्य, ३६० ऐवजी ३५९.६. खरी खोट गंधार, धैवत, निषाद यांत आहे.

(५)
ही खोट ज्यांना सहन झाली नाही, त्यांत सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल होते. सांगली तेव्हा पटवर्धनांचे संस्थान. शेजारच्या मिरजेत सतार-तंबोरे घडवणाऱ्यांची पिढीजात वस्ती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी मिरजेतच विष्णु दिगंबर पलुस्करांना तालीम दिली. सुराचा असा बारीक हिशेब मांडायला याहून योग्य टापू शोधून सापडला नसता.

(६)
१९१० मध्ये देवलांनी हिंदू स्वरसप्तक आणि २२ श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. प्राचीन ग्रंथांतील श्रुती म्हणजे नेमकी किती आंदोलने, हे त्यांना अंकांत मांडायचे होते. सनदी सेवेतील न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांचे सहकारी झाले आणि १९१३ मध्ये त्यांनीही भारतीय संगीतावर ग्रंथ लिहिला. प्रत्यक्ष गळा मिळाला तो किराना घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा. सुरेलपणासाठी त्यांच्याकडे बोट दाखवावे असाच तो गळा होता. निवृत्त अधिकारी, इंग्रज न्यायाधीश आणि उस्ताद असे हे त्रिकूट. वसाहतकाळातील ज्ञानव्यवहार ‘साहेब विरुद्ध देशी’ अशा सरळ रेषेत बसत नाही, याचा हा चांगला नमुना आहे.

(७)
मोजमापावर ते थांबले नाहीत, त्यांना वाद्य हवे होते. लंडनच्या ‘मूर अँड मूर’कडून २२ श्रुतींची पेटी बनवून घेण्यात आली. ती ‘श्रुती-हार्मोनियम’ म्हणून ओळखली जाते. रोग पेटीत आहे, तर औषधही पेटीतूनच द्यावे, असा हा विचार होता.

(८)
मार्च १९१६. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. सूत्रे विष्णु नारायण भातखंडे यांच्याकडे. श्रुती-पेटी तेथे विद्वान व उस्तादांसमोर मांडली गेली आणि ती सर्वमान्य झाली नाही. वाद झडला. रागपद्धती शिकवण्यासाठी १२ स्वरांची चौकट पुरेशी आहे, अशी भातखंड्यांची भूमिका होती. प्राचीन श्रुतींची नेमकी संख्यात्मक जागा आजच्या गायनावर लादता येईल, हे त्यांना पटत नव्हते. या वादाकडे पुष्कळदा अहंकारांची टक्कर म्हणून पाहिले जाते. तो अंश असेलही. पण भातखंड्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. गायक एकाच रागात गंधार किंचित वर-खाली नेतो, आंदोलित ठेवतो. त्याला २२ खुंट्यांना बांधणे म्हणजे १२ खुंट्यांपेक्षा थोडा लांब दोर देणे, एवढेच.

(९)
तरीही श्रुती-पेटी घराघरांत का पोहोचली नाही, याचे उत्तर परिषदेत मिळत नाही. ते पट्ट्यांतच आहे. २२ स्वर असमान अंतरांवर बसवले की सा ची जागा बांधली जाते. तो सरकवला की बाकीचे स्वर बिघडू लागतात. साध्या पेटीत १२ भाग सारखे, म्हणून कोणतीही पट्टी सा होऊ शकते. भाऊ काळी एकमध्ये गातो, बहीण काळी चारमध्ये, भजनातले बुवा पांढरी दोनमध्ये, आणि पेटी एकच. ज्या घराला एकच वाद्य परवडते, त्याच्यासाठी ही सोय अडीच आंदोलनांच्या फरकाहून मोठी होती. शास्त्राला जो दोष वाटला, तोच संसाराला गुण ठरला.

(१०)
विरोध थांबला नाही. ‘ऑल इंडिया रेडिओ’ने १ मार्च १९४० पासून हार्मोनियमला बंदी घातली. तेव्हा रेडिओचे प्रमुख लायोनेल फील्डन होते. रवींद्रनाथ ठाकूरही पेटीच्या विरोधात होते. बंदी सुमारे तीन दशके टिकली. या काळात महाराष्ट्रातील घरे, देवळे आणि नाट्यगृहे काय करत होती? पेटी वाजवत होती. ‘मानापमान’चे संगीतकार गोविंदराव टेंबे तर तिचे थोर वादकच. जे वाद्य सरकारी ध्वनिक्षेपकापुढे निषिद्ध, तेच गुरुवारच्या भजनात मुख्य.

(११)
कारागिरांनी आपल्या परीने मधला मार्गही काढला. पातीचे टोक घासले तर सूर चढतो, बुडाशी घासले तर उतरतो. गायकाचा सा ठरलेला असेल तर त्या सा पासून गंधार, धैवत खाली आणून पेटी लावता येते. वादक तिला ‘गांधार ट्यूनिंग’ म्हणतात. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी पुन्हा २२ श्रुतींची पेटी सिद्ध केली, तेव्हा देवलांचा प्रश्न जवळपास शतकाने परत आला.

(१२)
आता डिजिटल पियानो. तो पावसाने बेसूर होत नाही, हेडफोन लावून रात्री वाजवता येतो, एका बटणाने सा सरकतो. पाश्चात्य पियानो शिकायचा असेल तर ८८ वजनदार पट्ट्या आणि पायाचा पेडल यांवर तडजोड करू नये. हलक्या ६१ पट्ट्यांवर बोटांची ताकद तयार होत नाही. पण गळ्याच्या रियाजासाठी सात सप्तके घेऊन करायचे काय? पेटी तीन-साडेतीन सप्तकांत भागवते. आणि पेटीचा सूर भाता हलतो तोवर टिकतो, पियानोचा सूर दाबताक्षणी विरू लागतो. ज्याला सुरावर ठाण मांडून बसायचे आहे, त्याच्यासाठी हा फरक पट्ट्यांच्या संख्येहून महत्त्वाचा.

(१३)
गंमत अशी की देवलांना जे साधण्यासाठी लंडनहून वाद्य घडवून घ्यावे लागले, त्याच्या जवळचे काहीतरी आज अनेक डिजिटल पियानोंच्या मेनूत दडलेले असते. ‘टेंपरामेंट’ नावाच्या त्या पर्यायात शुद्ध अंतरांची रचना आणि आधारस्वर निवडता येतो. स्वर १२च राहतात, पण गंधार ३०० वर येतो, आणि बहिणीसाठी सा बदलायचा तर पाती घासावी लागत नाही. कारखान्यातून वाद्य येते ते मात्र समान भागांवर लावलेले, आणि दुकानदार सहसा हा पर्याय दाखवत नाही.

(१४)
म्हणून कऱ्हाडला वा साताऱ्याला वाद्य पाहायला जाताना फोनवर तंबोऱ्याचे ॲप घेऊन जावे. मुलाचा सा लावावा, तंबोरा चालू ठेवून गंधाराची पट्टी दाबून धरावी. थरथर ऐकू येईल. मग टेंपरामेंट बदलून, आधारस्वर तोच ठेवून, तीच पट्टी पुन्हा दाबावी. आणि हे करताना पट्टीवर बोट मुलाचे असावे.