शिक्षक कोणातून घडवावा?

शिक्षक कसा घडवावा, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्यातच शिक्षक-प्रशिक्षणाची शिफारस आहे. पण शिक्षक कोणातून घडवावा, हा अधिक अवघड प्रश्न महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडला. प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातूनच तयार करावेत, मुलांत ते मोकळेपणाने मिसळतील आणि प्रसंगी नांगराची मूठही धरतील, असे त्यांचे म्हणणे होते. प्रशिक्षित शिक्षकाला दरमहा किमान १२ रुपये वेतन असावे, अशी मागणीही त्या निवेदनात होती.

हे निवेदन मी वाचले ते बी.एड. होऊन बरीच वर्षे लोटल्यावर. वाचताना मला सोलापूरचा पूर्व भाग आठवला. १८७७ साली या शहरात पहिली कापड गिरणी उभी राहिली. तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकरांची कुटुंबे इथेच स्थिरावली. मी त्यांतलीच. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि उर्दू, शाळेत मराठी.

तेव्हा जिल्ह्यातली बी.एड. महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. ‘मातृभाषेतून शिक्षणाचे महत्त्व’ हा प्रश्न परीक्षेला हमखास येई आणि त्याचे उत्तर आम्हां सर्वांना पाठ असे. सरावपाठासाठी मला पूर्व भागातलीच एक शाळा मिळाली. विषय होता ‘आपले व्यवसाय’. मागाचे चित्र दाखवून मी विचारले, ‘‘हे काय आहे?’’ पहिल्या बाकावरची मुलगी उत्साहाने म्हणाली, ‘‘मग्गम!’’

उत्तर बरोबर होते. आमच्या घरातही मागाला मग्गमच म्हणत. मी मात्र म्हटले, ‘‘मराठीत सांग.’’ मुलगी खाली बसली आणि तास संपेपर्यंत तिने हात वर केला नाही. निरीक्षण वहीत शेरा मिळाला: ‘वर्गनियंत्रण उत्तम.’

फुल्यांची अपेक्षा माझ्या बाबतीत अर्धी पुरी झाली होती. विणकराची मुलगी शिक्षिका झाली होती. पण प्रशिक्षणाने तिला घरची भाषा वर्गाबाहेर ठेवायला शिकवले होते. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, अशी तरतूद १९५६ पासून राज्यघटनेच्या ३५० क या अनुच्छेदात आहे. आमच्या पाठ-टाचणात तिला जागा नव्हती.

२००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेचा आग्रह धरला आणि चार वर्षांच्या एकात्मिक शिक्षक-प्रशिक्षणाची दिशा ठरवली. मुदत वाढेल, विषय वाढतील; पण त्या वाढीव काळात छात्राध्यापक मुलाच्या घरापर्यंत पोहोचणार का, हे पाहावे लागेल.

आता मी इतरांचे सरावपाठ तपासते. टाचणाच्या वर एक ओळ लिहायला सांगते: या वर्गातली मुले घरी कोणकोणत्या भाषा बोलतात? ती भरण्यासाठी छात्राध्यापकांना पाठाच्या आदल्या दिवशी मुलांशी बोलावे लागते. सुरुवातीला ते कुरकुरतात. परवा एकाने मात्र मागाच्या चित्राखाली फळ्यावर दोन शब्द लिहिले: माग, मग्गम.