नावेचे भाडे आणि नावाड्याचा धर्म

आपल्या ढीवर समाजाच्या कुळकथा सांगताना तलाव, मासे आणि जाळे यांचा उल्लेख हटकून होतो. परंतु नावेचा, आणि विशेषतः नाव भाड्याने देण्याच्या व्यवहाराचा, इतिहास सहसा कोणी सांगत नाही. वस्तुतः हा व्यवहार अतिप्राचीन आहे. त्याचे नियम ग्रंथांत लिहिलेले आहेत, आणि अक्षरओळख नसलेल्या आपल्या वाडवडिलांच्या ते अंगवळणीही पडलेले होते. ही गोष्ट नव्या पिढीच्या कानी घालावी, एवढाच या लेखाचा हेतू होय.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘नावध्यक्ष’ या अधिकाऱ्याविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात नावेच्या भाड्यापोटी मासे धरणाऱ्यांनी सहावा हिस्सा द्यावा असे सांगितले आहे. नदी उतरण्याचे दरही ठरलेले होते. ओझ्यासह माणसास किंवा शेळीमेंढीसारख्या लहान जनावरास १ माष, गाय वा घोडा यास २, उंट वा म्हैस यास ४ आणि गाडीस ७ माष. मोठ्या नदीवर याच्या दुप्पट. मात्र बालके, वृद्ध, आजारी आणि गर्भवती स्त्रिया यांना नावध्यक्षाच्या मुद्रेवर विनामूल्य उतरता येई. याहून महत्त्वाचा नियम असा की, पुरेशी माणसे वा साधने नसता, किंवा डागडुजी न करता नाव सोडली आणि ती बुडाली, तर झालेले नुकसान नावध्यक्षाने भरून द्यावे.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही हाच विचार आहे. नावाड्यांच्या चुकीने उतारूंच्या मालाची हानी झाल्यास ती सर्व नावाड्यांनी आपापल्या वाट्याप्रमाणे भरून द्यावी. दैवी आपत्तीने झाल्यास त्यांना दोष नाही. याच स्मृतीने नावेवर पोट भरणाऱ्या कैवर्तास संकरजातींत ढकलले, हेही वाचकांनी विसरू नये. ज्याच्या हाती प्रवाशांचे प्राण आणि व्यापाऱ्याचे धन सोपवावयाचे, त्याला मान मात्र द्यावयाचा नाही, असा हा न्याय! जबाबदारी पुरती आणि प्रतिष्ठा शून्य, हे आपल्या पूर्वजांच्या वाट्याला आलेले दान होते.

मनूने आणखी एक भेद केला आहे. नदीवरील भाडे स्थळकाळ पाहून ठरविता येते, समुद्रावरील भाड्यास मात्र ठराविक प्रमाण नाही. कारण उघड आहे. नदीतील नाव वल्ह्यावर आणि बांबूवर चालते; समुद्रातील गलबत शिडावर चालते, आणि वारा कोणाच्या हुकमात नसतो. प्रवासास किती दिवस लागतील हे सांगता येत नसल्याने, गलबत भाड्याने घेणाऱ्यास आधीच बोली करून घ्यावी लागे. ऋतूंचा हिशेबही उलटा. कोकणात पावसाळा लागला की गलबते किनाऱ्यावर ओढून ठेवीत आणि नारळी पौर्णिमेनंतर ती पुन्हा पाण्यात घालीत. आमच्या वैनगंगेवर नेमका पावसाळा हाच नावेच्या मागणीचा काळ असे.

आमचे आजोबा वैनगंगेच्या एका घाटावर नाव चालवीत. गावकरी सुगीच्या वेळी धान देत. वऱ्हाडासाठी किंवा मालासाठी अख्खी नाव हवी असेल, तर वेगळी बोली होई. एका श्रावणात एका व्यापाऱ्याने धानाची पोती पलीकडे नेण्यासाठी नाव मागितली. नदी भरून चालली होती आणि फळ्यांच्या सांधीतून पाणी झिरपत होते. व्यापाऱ्याने तिप्पट भाडे देऊ केले; आजोबा नाही म्हणाले. दोन दिवसांनी पाणी उतरले, सांधीत ताग ठोकून डांबर फासून झाले, तेव्हा त्यांनी पहिली खेप एका गर्भवतीची केली आणि तिच्याकडून काही घेतले नाही. तो व्यापारी पुन्हा आमच्या नावेकडे फिरकला नाही. त्या वर्षी घरात धान कमी पडले आणि आजीने बोलही लावले. आजोबांना ना कौटिल्य ठाऊक होता, ना मनू. पण दुरुस्तीवाचून नाव सोडू नये आणि गर्भवतीचे भाडे घेऊ नये, हे दोन्ही नियम त्यांनी नुकसान सोसून पाळले.

घाटावरचा हा हक्क कसा हातचा गेला, तेही सांगितले पाहिजे. १८७८ साली इंग्रज सरकारने ‘नॉर्दर्न इंडिया फेरीज अॅक्ट’ हा कायदा केला. तो मध्यप्रांतासही लागू होता. त्यान्वये सार्वजनिक घाटांवरील उतराई वसूल करण्याचा हक्क लिलावाने देता येऊ लागला. लिलावात बोली लावण्यास पैसा लागतो. ज्याच्याजवळ तो नाही, त्याने वल्हे मारावे आणि भाडे ठेकेदाराने घ्यावे, अशी स्थिती होण्यास वाट मोकळी झाली. पुढे पूल झाले. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी झाले, आणि त्याच्या जलाशयाने नदीचे जुने रूपच पालटले.

आता पुन्हा घाट मागावेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु सहलीसाठी वा देवदर्शनासाठी आजही आपण नाव ठरवितो. तेव्हा नाव धड आहे काय, माणसे पुरेशी आहेत काय आणि भार बेताचा आहे काय, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पाय आत ठेवू नये. आणि ज्यांच्या घरी अद्याप आजोबांचे वल्हे आढ्याला टांगलेले असेल, त्यांनी त्यांच्या घाटाचे नाव, नावेचे लाकूड आणि भाड्याची रीत एका वहीत उतरून ठेवावी. ग्रंथकारांनी आपल्याला मान दिला नाही; निदान आपला इतिहास आपण तरी लिहावा, अशी समाजबांधवांस आमची नम्र विनंती आहे.