ग्रामपंचायतीपर्यंत आलेले नेट वस्तीपर्यंत कसे न्यायचे? यवतमाळ जिल्ह्यातील कार्यकर्त्यांसाठी माहिती

शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला झरी-जामणी किंवा घाटंजी तालुक्यातला विद्यार्थी सकाळच्या एसटीने तालुक्याला जातो. दिवसभर सेतू केंद्रात बसतो, 'सर्व्हर डाऊन' ऐकून परत येतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघतो. भाडे, झेरॉक्स, केंद्रचालकाचे पैसे आणि सोबत आलेल्या आईची बुडालेली मजुरी हा खर्च कोणत्याच योजनेच्या हिशेबात नसतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असो वा स्वाधार, अर्जाच्या तारखा मात्र सर्वांना सारख्याच असतात. नागपूरच्या मुलालाही आणि उमरखेडच्या बंदी भागातल्या मुलीलाही.

नेट नसले की आता मनोरंजन थांबत नाही, हक्क थांबतो. रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाईल ॲपवरून, ठिकाणासह फोटो काढून घेणे सक्तीचे झाले. शेतातल्या पिकाची नोंद १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीवर आली. पीएम-किसान आणि लाडकी बहीण या योजनांना ई-केवायसी लागते आणि रेशन दुकानातल्या मशीनलाही रेंज लागते. सरकारने खिडकी बंद करून ॲप उघडले, पण रस्ता करून दिला नाही, असे आम्हाला गावोगाव फिरताना वाटते.

सरकारने काहीच केले नाही, असे मात्र नाही. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. पैसा आला तो मोबाईल कंपन्यांच्या महसुलातून कापल्या जाणाऱ्या निधीतून. म्हणजे आपल्या रिचार्जमधलाच काही भाग त्यात जातो. पहिल्या टप्प्यात एक लाख ग्रामपंचायतींचे उद्दिष्ट २०१७ अखेर पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने 'महानेट' नावाने स्वतःची यंत्रणा उभारली.

मग आपल्या गावात नेट का नाही? ग्रामपंचायत कार्यालयात जाऊन भिंतीवरची पेटी बघा. तालुक्याच्या एक्स्चेंजमधून निघालेली तार या पेटीत येते, पेटी प्रकाशाचे संकेत नेटमध्ये बदलते आणि तिथून पुढे वाय-फाय किंवा घरगुती जोडणी द्यायची असते. हे चालायला तीन गोष्टी लागतात : तार अखंड हवी, वीज हवी आणि बिघाड झाल्यावर येणारा माणूस हवा. पहिल्या टप्प्यातली तार बहुतेक ठिकाणी एका रेषेत टाकलेली आहे. रस्त्याच्या कामाला जेसीबी लागला, पाण्याची पाइपलाइन खोदली, की त्यापुढची सगळी गावे एकदम बंद. वीज गेली की बॅटरी, आणि बॅटरी दोन-तीन वर्षांत मरते. एका ग्रामपंचायतीत आम्हाला पेटी सापडली ती कपाटामागे, प्लगवर पंखा लावलेला. कागदावर ते गाव जोडलेले आहे.

डोंगर-जंगलातल्या गावांची गोष्ट वेगळी. उमरखेड तालुक्यातला बंदी भाग पैनगंगा अभयारण्यात येतो. तिथे टॉवर उभारायला किंवा चर खोदायला वन विभागाची परवानगी लागते आणि ग्राहक थोडे म्हणून कंपन्या स्वतःहून येत नाहीत. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी भागातल्या कोलाम पोडांवरही तेच. अशा गावांसाठी जुलै २०२२ मध्ये केंद्राने २६,३१६ कोटींची ४जी योजना मंजूर केली. तिच्यात देशभरातली २४,६८० गावे धरली होती. आपले गाव त्या यादीत होते का, हे तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात विचारता येते.

आता थोडे आपल्या वस्तीबद्दल. पेटी ग्रामपंचायतीत, ग्रामपंचायत गावठाणात आणि बौद्ध वस्ती बहुतेक गावांत कडेला, नाल्यापलीकडे. वाय-फायची रेंज मोकळ्या जागेत शंभर मीटरच्या आसपास, भिंती आल्या की त्याहून कमी. म्हणजे गावात नेट आले तरी वस्तीत येईलच असे नाही. पाण्याच्या टाकीपासून सिमेंट रस्त्यापर्यंत जे घडत आले तेच तारेबाबत घडू शकते, आणि कोणी मुद्दाम केले नाही तरी घडते. शिवाय मुलींना ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पोरांच्या घोळक्यात बसून फॉर्म भरता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात कधी तरी इंटरनेट वापरलेल्या महिला सुमारे ३८ टक्के होत्या, पुरुष ६१ टक्के. घरातला एकमेव स्मार्टफोन भावाच्या खिशात असतो, हे त्या आकड्यामागचे चित्र.

यावर एक सोपा मार्ग आहे, तो फारसा कोणाला माहीत नाही. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात किराणा दुकानदार, बचत गट किंवा विहार समिती सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालवू शकते. त्यासाठी परवाना लागत नाही, नोंदणी शुल्कही नाही. ब्रॉडबँड जोडणी घ्यायची, योजनेत मान्य असलेला राउटर बसवायचा आणि नोंदणीकृत ॲग्रीगेटर कंपनीशी जोडून घ्यायचे. ग्राहकाची ओळख पटवणे आणि हिशेब ती कंपनी बघते. सुरुवातीला अडचण अशी होती, की अनेक सेवादार या छोट्या केंद्रांना घरगुती जोडणीऐवजी महागडी लीज्ड लाइन घ्यायला लावत. जून २०२५ मध्ये ट्रायने आदेश काढला, की २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीसाठी अशा केंद्राकडून घरगुती दराच्या दुपटीहून जास्त घेता येणार नाही. विहाराच्या अभ्यासिकेत हे बसवले तर मुलींना सुरक्षित जागा मिळते आणि महिन्याचा खर्च वर्गणीतून निघू शकतो. फक्त एक जण जबाबदार हवा. रिचार्ज संपला, चिठ्ठी लावली, सहा महिने तशीच राहिली, असे व्हायला नको.

तार न पोचणाऱ्या पाड्यांपर्यंत नेट नेता येते, हे महाराष्ट्रात करून दाखवलेले आहे. आयआयटी मुंबईच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातल्या पाड्यांवर टीव्हीच्या न वापरलेल्या लहरींतून नेट पोचवले. पुढे त्यांनी ५ गिगाहर्ट्झची परवानामुक्त लहर वापरली. समोरासमोर दिसणाऱ्या दोन उंच जागांवर अँटेना लावले, की मधला नाला-टेकडी आड येत नाही. स्पेनच्या कॅटालोनियात 'गिफी' हे जाळे २००४ पासून गावकऱ्यांनीच वाढवत नेले.

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले हरिसाल मात्र वेगळा धडा देते. २०१६ मध्ये देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून त्याचा गाजावाजा झाला आणि २०१९ च्या निवडणुकीत त्याच गावाचे व्हिडिओ सभेत दाखवून राज ठाकरे यांनी दाव्यांवर प्रश्न विचारले. उद्घाटनाला सगळे येतात. देखभालीचा पैसा कोणाच्या नावावर आहे, हे आधी विचारावे लागते.

कायद्याची बाजूही हाताशी ठेवा. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फहीमा शिरीन प्रकरणात इंटरनेट वापरणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोचणे कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात येते, असे स्पष्ट केले. ते प्रकरण ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध व्यक्तींच्या केवायसीचे होते, पण निकालात ग्रामीण आणि वंचित घटकांचाही विचार आहे. तहसीलदारापुढे निवेदन देताना हा निकाल जोडावा.

सध्याची संधी ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटची आहे. १.३९ लाख कोटींच्या या योजनेत रेषेऐवजी वर्तुळाकार जाळे आहे, म्हणजे एका बाजूने तार तुटली तर दुसरीकडून नेट चालू राहते. दहा वर्षांच्या देखभालीची तरतूदही आहे. आपल्यासाठी महत्त्वाचा शब्द पुढे आहे : ग्रामपंचायतीचे मुख्यालय नसलेल्या सुमारे ३.८ लाख गावांना जोडणी 'मागणीनुसार' मिळणार आहे. यवतमाळमध्ये गट ग्रामपंचायती बऱ्याच आहेत. त्यांतली छोटी गावे यात बसतात. मागणी केली नाही तर यादीत नाव येण्याचे कारण नाही.

म्हणून येत्या ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेत हा विषय मांडा, म्हणजे तो मुलींच्या अडचणीसह नोंदला जाईल. मग ग्रामसभेत ठराव घ्या आणि ठरावात 'गावात' असे मोघम न लिहिता वस्ती, शाळा, अंगणवाडी आणि विहार अशी जागांची नावे लिहा. ठरावाची प्रत पंचायत समिती आणि बीएसएनएलच्या जिल्हा कार्यालयाला देऊन पोच घ्या. सोबत दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही खर्च नाही. प्रश्न चारच : आमच्या ग्रामपंचायतीत पेटी कधी बसली, शेवटची कधी चालू होती, बिघाडाच्या तक्रारी कोणत्या तारखांना नोंदल्या आणि दुरुस्तीची जबाबदारी कोणत्या यंत्रणेवर आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर अपील करा. अर्ज हाती लिहिलेला चालतो. त्याला नेट लागत नाही.